गाय अनुदानाची, पेंड उधारीची!

२०२५ साली भारत-अमेरिका व्यापार बोलणी चालू असताना दूरचित्रवाहिन्यांवर एक नवा शब्द गाजला. 'मांसाहारी दूध!' अमेरिकेतल्या गायींना रक्ताची आणि मांसाची भुकटी खाऊ घालतात, असल्या गायीचे दूध आमच्या देव्हाऱ्यात चालणार नाही, असे वाहिन्यांवरचे पंडित घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. गायीच्या गव्हाणीत काय पडते याची एवढी काळजी या पंडितांना यापूर्वी कधी वाटली नव्हती. आम्ही या चर्चेचे स्वागतच करतो. कारण गव्हाणीत काय पडते हा प्रश्न आमच्या वस्तीचाही आहे. फरक एवढाच की, तिकडे प्रश्न शुद्ध-अशुद्धाचा होता आणि इकडे तो पेंडीच्या पोत्याचा आहे. हे पोते उधारीवर येते आणि दुधाच्या पगारातून कापले जाते.

प्रथम त्या 'मांसाहारी दुधा'चा निकाल लावू. गायीला गुरांच्याच हाडामांसाची भुकटी घालू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण त्याचे कारण देव्हाऱ्यात नाही, विज्ञानात आहे. ब्रिटनमध्ये प्रथिनांचा स्वस्त स्रोत म्हणून गायींना मेलेल्या गुरांच्या हाडामांसाची भुकटी दिली गेली. १९८६ मध्ये तिथे गुरांच्या मेंदूचा एक भयंकर रोग ओळखला गेला. लोक त्याला 'मॅड काऊ' म्हणू लागले. १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी देण्यावर बंदी आली. तोवर उशीर झाला होता. एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गुरांना रोग झाल्याचे सिद्ध झाले, आणि हा रोग माणसात उतरू शकतो हे १९९६ मध्ये सरकारला कबूल करावे लागले. ब्रिटनमध्ये पावणेदोनशेच्या आसपास माणसे त्याने दगावली. म्हणजे स्वस्त प्रथिनांच्या हव्यासाने काय होते याचा धडा जगाला मिळालेला आहे. तो धडा सांगायचा सोडून सोवळ्या-ओवळ्याची भाषा बोलली गेली. मेलेले ढोर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ओढावे लागले, आणि २०१६ मध्ये उना येथे त्याच कामासाठी ज्यांना भर रस्त्यात मारले गेले, त्या समाजाला ही सोवळ्याची भाषा कुठून येते हे सांगावे लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दूध हवेतून येत नाही. गायीने दुधात जी प्रथिने द्यायची, ती तिला चाऱ्यातून आणि खुराकातून मिळाली पाहिजेत. गोठ्यातला साधा नियम असा की, संकरित गायीला अंगपोषणासाठी एक ते दीड किलो आंबोण आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हणजे दहा लिटर दूध देणाऱ्या गायीला रोज साडेपाच किलो खुराक लागतो. दर जागोजाग निराळे असतात, पण हिशेबापुरते खुराक ३० रुपये किलो आणि दूध ३० रुपये लिटर धरू. दुधाचे ३०० रुपये आले, खुराकाचे १६५ गेले. राहिले १३५. त्यातून कडबा, हिरवा चारा, डॉक्टर, औषध आणि कर्जाचा हप्ता. ज्याच्या घरचा ऊस आहे, मका आहे, घास आहे, त्याला चारा घरचाच. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याला पेंढीसुद्धा विकत घ्यावी लागते. मग त्या १३५ रुपयांत उरते काय? उरते ते शेण!

आणि वर्षभर गाय दूध देत नाही. भाकड काळात ती खाते, पण देत नाही. संकरित गायीला गोऱ्हा झाला तर तो शेतीच्या कामाला फारसा येत नाही. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून त्याला गिऱ्हाईक राहिलेले नाही. दूध न देणाऱ्या तोंडाची वैरण दूध देणाऱ्या गायीच्या वैरणीतून निघते. गोरक्षक रस्त्यावर टेम्पो अडवायला हजर असतात. वैरणीचा भारा घेऊन गोठ्यावर आलेला गोरक्षक आम्ही अजून पाहिलेला नाही.

शासन गाय देते, हे खरे आहे. दोन दुधाळ जनावरांच्या गटासाठी अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदानाची योजना आहे. काही जिल्हा परिषदा भाकड काळासाठी थोडे खाद्यही देतात. पण मोठी रक्कम खर्च होते ती गायीच्या किमतीवर. गाय दारात बांधली, फोटो निघाला की योजना संपली. मग वर्षभराने त्याच लाभार्थ्याने गाय विकली म्हणून अधिकारी म्हणतात, "या लोकांना कितीही द्या, टिकवत नाहीत." हा आरोप आमच्या लोकांच्या स्वभावावर ढकलणे सोपे आहे. हिशेब मांडणे अवघड आहे.

हा हिशेब कसा मांडायचा हे बाबासाहेबांनी १९१८ मध्येच दाखवून दिले आहे. भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी सांगितले की, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती आहे त्यावर ते ठरते. हाच न्याय गायीला लावा. एक गाय परवडते की दोन, हे गायींच्या संख्येवर ठरत नाही. तिच्यामागे चारा किती, प्रथिने किती, पाणी किती, यावर ठरते. चाऱ्यावाचूनची गाय म्हणजे बैल-बियाण्यावाचूनचे शेत. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी शेती राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी असे म्हटले, तेव्हा पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे पुरवण्याची जबाबदारीही त्यांनी राज्यावरच टाकली. नुसते वाटप करून हात झटकणे त्यांना मान्य नव्हते.

आता पेंडीला पर्याय काय, याची चर्चा सध्या जोरात आहे. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, सोयाबीनची डीओसी ही आपल्याकडची जुनी प्रथिने. त्यांच्या जोडीला नवे नाव आले आहे डीडीजीएस. मका किंवा तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो वाळवून हे खाद्य बनते. पेट्रोलमधले इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले आणि धान्यावर चालणारे कारखाने वाढले, तसा हा चोथाही वाढला. एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल आणि ३० किलो डीडीजीएस निघते. मक्यात प्रथिने ९ टक्क्यांच्या आसपास असतात. पिठूळ भाग दारूत गेला की उरलेल्या चोथ्यात ती तिप्पट होतात. मक्याच्या डीडीजीएसमध्ये २६ ते ३० टक्के, तांदळाच्यात ४५ टक्क्यांपर्यंत. सोयाबीनच्या डीओसीत ४५ ते ४८ टक्के असतात, पण तिचा भाव जास्त. गोठ्याच्या बाजूने पाहिले तर हा पर्याय वाईट नाही. खुराकात १० ते २० टक्क्यांपर्यंत तो गायीला चालतो.

पण येथेच आमच्या माणसाची ओढाताण सुरू होते. डीडीजीएस स्वस्त झाले की डीओसीची मागणी घटते, आणि डीओसी पडली की सोयाबीन पडते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि हंगामात लातूरसारख्या बाजारांत शेतकऱ्याच्या हाती त्याहून हजारभर रुपये कमी पडत होते. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, वाशीम या पट्ट्यात आमच्या माणसाची दोन-तीन एकर जमीन असली तर तिच्यावर सोयाबीनच असते. जमीन नसली तर काढणीची मजुरी सोयाबीनचीच असते. म्हणजे त्याच घरात नवऱ्याला सोयाबीनचा भाव वर हवा आणि दारातल्या गायीसाठी बाईला पेंडीचा भाव खाली हवा! एका घराच्या दोन पोटांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी ही बाजारव्यवस्था आहे.

२०२१ मध्ये हे उघड झाले. त्या वर्षी सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले. कोंबडीखाद्यवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. ऐन काढणीच्या तोंडावर भाव कोसळले. पुढे २०२६ च्या फेब्रुवारीत भारत-अमेरिका संयुक्त निवेदन आले. ज्या अमेरिकन मालावरचे आयात शुल्क कमी किंवा रद्द करायचे त्यात डीडीजीएसचे आणि पशुखाद्यासाठीच्या लाल ज्वारीचे नाव होते. दुधाच्या नावाने देव्हारा उभा केला आणि पेंडीची खिडकी उघडली, असा याचा अर्थ.

या आयातीला विरोध करताना आमच्या मित्रांनी एक काळजी घ्यावी. 'जनुकीय बदल केलेले खाद्य गायीला विष' असा सरसकट प्रचार करू नये. बीटी कापूस २००२ पासून या देशात आहे, आज कापसाच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तोच आहे, आणि त्याच सरकीची पेंड आपल्या गायी-म्हशी वीस वर्षांहून अधिक काळ खात आहेत. आमचा आक्षेप भावाचा आहे. हंगामाच्या तोंडावर आयात करून कोरडवाहू शेतकऱ्याला बुडवू नका आणि त्या बुडण्याचा फायदा मधल्या कंपन्यांना देऊ नका. पेंड स्वस्त झाली तरी खुराकाच्या पोत्याचा भाव त्याच मापाने उतरत नाही, हे प्रत्येक दूधवाल्याला ठाऊक आहे.

पोत्याचा विषय निघालाच आहे तर पोत्यात काय असते तेही पाहू. पोत्यावर प्रथिनांचे टक्के छापलेले असतात. हा आकडा खाद्यातला नत्र मोजून, त्याला सव्वासहाने गुणून काढतात. युरियातही नत्र असतो. त्यामुळे पोत्यात किलोभर युरिया मिसळला की कागदावर पावणेतीन-तीन किलो प्रथिने वाढतात. गायीच्या पोटातले सूक्ष्म जीव थोड्या युरियापासून प्रथिने बनवू शकतात, म्हणून मानकात युरियाला एक टक्क्याची मर्यादा घातलेली आहे. पण गावातल्या दुकानात ते तपासणार कोण? पशुखाद्याला भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक करण्याचा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये काढला होता. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली.

दुसरा धोका बुरशीचा आहे. ओल लागलेल्या मक्यात, शेंगदाणा आणि सरकी पेंडीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते गायीच्या पोटातून दुधात उतरते. डीडीजीएसमध्ये जशी प्रथिने तिप्पट होतात तसे हे विषही तिप्पट होते. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, हे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडले. पाणी घातलेल्या दुधाची बातमी होते, या विषाची होत नाही. स्वस्त म्हणून ओले, काळपट, कुबट वासाचे खाद्य कोणाच्या दारात येते? ज्याला उधारीवर घ्यायचे आहे त्याच्या. उधारीच्या गिऱ्हाइकाला पोते उघडून बघण्याचा हक्क नसतो.

मग घरचे पर्याय काय आहेत? कृषी प्रदर्शनात हमखास सांगितला जातो तो अझोला. खड्ड्यात पाणी भरून वाढवायचे हे शेवाळासारखे नेचे. त्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात असे फलकावर लिहिलेले असते. ते वाळवलेल्या अझोलाचे असतात, हे मात्र लिहिलेले नसते. ताज्या अझोलात शंभरात चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच. एका किलोत प्रथिने मिळतात जेमतेम चौदा-पंधरा ग्रॅम. एक किलो डीओसीतली प्रथिने हवी असतील तर तीस किलो ताजा अझोला लागेल. खड्ड्यातून निघतो दिवसाला किलो-दोन किलो. पूरक म्हणून ठीक आहे, पण पेंडीला पर्याय म्हणून सांगणे ही दिशाभूल आहे. आणि त्या खड्ड्याला बारमाही पाणी हवे. एप्रिलमध्ये टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्या वस्तीने ते आणायचे कुठून? चवदार तळ्याचा लढा होऊन शंभर वर्षे होत आली, तरी पाणी कोणत्या आळीला आधी येते हे गावात विचारून पाहा.

झाडपाल्याचा पर्याय खरा आहे. शेवरी, हादगा, शेवगा, सुबाभूळ, दशरथ घास यांच्या पाल्यात चांगली प्रथिने असतात. सुबाभळीत एक विषारी द्रव्य असते, म्हणून ती हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापलीकडे देऊ नये. गव्हाचे काड आणि भाताचा पेंढा यांवर युरियाची प्रक्रिया करण्याची रीतही जुनी, सिद्ध झालेली आहे. शंभर किलो कोरड्या पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून हवाबंद झाकायचा, एकवीस दिवसांनी उघडून वास उडू द्यायचा आणि हळूहळू सवय लावायची. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये. त्याने जनावर मरते. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात हे सहज होण्यासारखे आहे.

पण पुन्हा तोच प्रश्न आडवा येतो. शेवरी लावायची कुठे? बांध कोणाचा? पेंढा कोणाच्या शेतातला? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती जमिनीत अनुसूचित जातींचा वाटा ९ टक्क्यांच्या आत होता. लोकसंख्येतला आमचा वाटा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, १६ टक्क्यांच्या वर. म्हणजे कोणताही पर्याय घ्या, वाट जमिनीशी येऊन थांबते. पेंडीचा प्रश्न हा अखेर जमिनीचाच प्रश्न आहे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांना तुरुंगाच्या वाटेवर उभे केले ते याच जमिनीसाठी. त्या लढ्यांतून आणि पुढच्या आंदोलनांतून १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय झाला. तरी हजारो कुटुंबांच्या हाती आजही सातबारा नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा निघाल्या, तेव्हा गावचे पुढारी म्हणू लागले, "गायरान गायीसाठी आहे, यांना उठवा." गायीच्या नावाने माणूस उठवायचा हा जुनाच डाव. हे पुढारी सांगत नाहीत की, गावाच्या सामाईक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जो कडक निकाल दिला, त्यातही भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद केलेला आहे. आणि गायरानावर धनदांडग्यांची जी शेततळी, मंगल कार्यालये उभी आहेत त्यांत कोणती गाय चरते?

आमचे म्हणणे असे की, गायरानधारक आणि गाय यांच्यात भांडण नाही. ते लावले गेले आहे. गायरानधारकाच्या नावावर जमीन करा. तो तिच्यावर तूर लावील, बांधाने शेवरी लावील, अर्ध्या एकरात दशरथ घास लावील. तुरीची डाळ त्याच्या लेकरांना, कुटार आणि चुनी त्याच्या गायीला. घरातल्या माणसाची आणि गोठ्यातल्या जनावराची प्रथिने एकाच रानातून निघतील.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. वस्तीवरच्या बचत गटांनी कच्चा माल एकत्र घाऊक खरेदी करून खुराक स्वतः मिसळावा. मका भरडा ३५ किलो, सरकी पेंड २०, डीओसी किंवा शेंगदाणा पेंड १५, चांगले तपासलेले डीडीजीएस १०, तूर-हरभऱ्याची चुनी १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. एवढ्यात २० टक्क्यांच्या जवळ प्रथिने मिळतात आणि पोत्यात काय आहे हे आपल्याला माहीत असते. दहा गायींमागे एक गट केला तरी दुकानदाराची उधारी सुटायला सुरुवात होईल.

शासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. अनुसूचित जाती उपयोजनेतून गाय देताना पहिल्या वर्षाचा पूर्ण खुराक आणि चाऱ्यासाठी जमिनीचा हक्क तिच्यासोबत द्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात खाद्य तपासून मिळण्याची सोय करा आणि खोटे टक्के छापणाऱ्यावर खटले भरा. दुधाचा भाव जाहीर करताना खुराकाचा भाव त्यात धरा. २०२३ मध्ये ३४ रुपये भाव जाहीर झाला आणि काही महिन्यांत डेअऱ्यांनी तो पायदळी तुडवला. २०२४ मध्ये लिटरमागे आधी पाच, मग सात रुपयांचे अनुदान द्यावे लागले. असल्या मलमपट्टीने गोठा चालत नाही. आणि दूध-सोयाबीन दोन्हींचा विचार एकत्र करून आयातीचे निर्णय काढणीच्या हंगामाबाहेर घ्या.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांनाही आमचे एक सांगणे आहे. पेंड, आंबोण, कडबा हे शब्द आपल्या व्यासपीठावर फारसे ऐकू येत नाहीत. पण पहाटे चारला उठून धार काढणारी आपली बाई, जिच्या दुधाचा दहा दिवसांचा पगार पेंडवाल्याच्या वहीत परस्पर जमा होतो, ती भाषण ऐकायला येते तेव्हा तिच्या डोक्यात हाच हिशेब चालू असतो. पुढच्या वेळी वस्तीवर जाल तेव्हा तिच्या गव्हाणीत डोकावून पाहा आणि पेंडवाल्याची वही मागून घ्या. पुढच्या मोर्च्याची मागणी त्या वहीतच सापडेल.